एका दिवसाची चित्रे आणि संग्रहालयाची भिंत

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते. सकाळी ज्याची वाट पाहिली जाते तेच संध्याकाळी घडी विसकटलेल्या अवस्थेत कोपऱ्यात पडते आणि आठवड्याभरात पुड्या बांधण्यासाठी किंवा शेगडी पेटविण्यासाठी वापरले जाते. याउलट संग्रहालय ही काळाचे हे काम थोपवून धरण्यासाठी उभारलेली संस्था होय. ज्या वस्तू नष्ट होऊ नयेत असे समाजाला वाटते त्या तेथे जपून ठेवल्या जातात. असे असता रोजच्या वर्तमानपत्रासाठी काढलेले, घटकाभर हसवून विसरले जावे एवढ्याच अपेक्षेने जन्मलेले चित्र जेव्हा संग्रहालयाच्या भिंतीवर येते, तेव्हा तेथे नेमके काय मांडले जाते, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

येथे ज्या चित्रांचा विचार करावयाचा आहे ती एका चौकटीत संपणारी राजकीय व्यंगचित्रे नव्हेत. इंग्रजीत ज्याला ‘कॉमिक स्ट्रिप’ म्हणतात आणि मराठीत ज्याला चित्रपट्टी म्हणता येईल, तो हा प्रकार आहे. डावीकडून उजवीकडे वाचावयाच्या तीन-चार चौकटी, फुग्यांत लिहिलेले संवाद, रोज भेटणारी तीच ती पात्रे आणि शेवटच्या चौकटीत एखादी कलाटणी, असे तिचे स्वरूप असते. एक पट्टी वाचावयास दहा सेकंद पुरतात. परंतु ही दहा सेकंदे वर्षानुवर्षे, रोज, त्याच वेळी आणि त्याच पानावर येत राहतात. त्यामुळे पात्रांचा वाचकाच्या घराशी जो संबंध जडतो, तो कादंबरीतील पात्रांनाही क्वचितच लाभतो.

अशी पट्टी तयार कशी होते हे पाहिले म्हणजे संग्रहालयाची अडचण ध्यानात येते. विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेतील व्यंगचित्रकार जाड कागदावर शाईने चित्र काढीत असे. हे चित्र छापील पट्टीच्या कितीतरी पट मोठे असे. ते तो कित्येक आठवडे आधी आपल्या वितरण संस्थेकडे, म्हणजे ‘सिंडिकेट’कडे पाठवी. तेथे त्याचे प्रकाशचित्र घेऊन ते लहान केले जाई, त्यावरून ठसा आणि ठशावरून पुठ्ठ्याचे साचे तयार होत, आणि हे साचे टपालाने गावोगावच्या वर्तमानपत्रांकडे रवाना होत. रविवारच्या रंगीत पट्टीचे रंगदेखील मूळ चित्रात नसत. कोणत्या जागी कोणता रंग भरावयाचा हे एका वेगळ्या प्रतीवर क्रमांकांनी दाखविले जाई आणि प्रत्यक्ष रंग छापखान्यात भरला जाई. सारांश, चित्रकाराच्या हातचा कागद ही या व्यवहारातील अंतिम वस्तू नव्हती. ते एक साधन होते. पूर्ण झालेली कलाकृती म्हणजे वाचकाच्या हातातील छापील पान, आणि ते तर रद्दीत जाणार!

साधनाचे काम संपल्यावर त्याची किंमत कोण करणार? काही संस्था मूळ चित्रे गोदामात टाकीत, काही ती मागेल त्याला देऊन टाकीत, तर बरीचशी फेकून दिली जात. ‘बीटल बेली’ या पट्टीचे जनक मॉर्ट वॉकर सांगत असत की, जॉर्ज हेरिमन यांच्या ‘क्रेझी कॅट’ या पट्टीची मूळ चित्रे गळणारे पाणी टिपण्यासाठी जमिनीवर पसरलेली त्यांनी पाहिली होती. हेरिमन यांची गणना आज या कलेतील सर्वश्रेष्ठांमध्ये होते. वॉकर यांनी १९७४ मध्ये कनेक्टिकट राज्यातील ग्रिनिच येथे व्यंगचित्रांचे एक संग्रहालय काढले. त्याला दोनदा जागा बदलावी लागली, अखेरीस फ्लॉरिडात २००२ मध्ये ते बंद पडले आणि २००८ मध्ये त्याचा संग्रह ओहायो राज्य विद्यापीठाच्या स्वाधीन करण्यात आला.

छापील पानांची कथा याहून अधिक चमत्कारिक आहे, आणि ग्रंथालयांशी संबंध असणाऱ्या वाचकाला ती अस्वस्थ केल्यावाचून राहणार नाही. सन १९६०नंतरच्या दशकात अमेरिकेतील ग्रंथालयांनी जुन्या वर्तमानपत्रांचे बांधीव खंड सूक्ष्मपटावर उतरवून मूळ खंड काढून टाकण्याचा सपाटा लावला होता. सूक्ष्मपट काळापांढरा. त्यामुळे रविवारच्या रंगीत पुरवण्यांचे त्यात जे व्हायचे तेच झाले. चित्रपट्ट्यांचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या बिल ब्लॅकबिअर्ड यांनी हे खंड मागितले, तेव्हा खाजगी व्यक्तीला ते देता येत नाहीत असे उत्तर मिळाले. म्हणून १९६८ मध्ये त्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील आपल्या राहत्या घरातच एक विनानफा संस्था स्थापन केली आणि पुढील तीस वर्षे देशभरातून वर्तमानपत्रे गोळा करून त्यांतील पट्ट्या कापून ठेवल्या. घर जमिनीपासून छतापर्यंत कागदांनी भरले. सन १९९७-९८मध्ये हा संग्रहही ओहायो विद्यापीठाकडे गेला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ७५ टन भरले आणि तो वाहून नेण्यास सहा मोठ्या मालमोटारी लागल्या. या विद्यापीठातील ‘बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियम’ या संस्थेत आज अभ्यासकाला शतकापूर्वीची पाने पाहावयास मिळतात, ती पुष्कळ अंशी एका माणसाच्या या हट्टामुळे.

मूळ चित्र आणि छापील पान या दोहोंपैकी काय मांडावे, या पेचातून पॅरिसने तिसराच मार्ग काढला होता. तेथील सजावटी कलांच्या संग्रहालयात १९६७ मध्ये चित्रपट्ट्यांचे एक गाजलेले प्रदर्शन भरले. त्यात एकेका चौकटीची प्रचंड मोठी काळीपांढरी छायाचित्रे करून भिंतीवर लावली होती. रेषेची ताकद आणि चौकटीची रचना त्यामुळे लोकांच्या डोळ्यांत भरली यात शंका नाही. परंतु पट्टी ही वाचण्याची वस्तू आहे. तिची एकच चौकट उचलून भिंतीएवढी केली की ती बघण्याची वस्तू होते, आणि तिच्यातील विनोद, जो दोन चौकटींमधील कोऱ्या जागेत दडलेला असतो, तो नाहीसा होतो.

या सगळ्या प्रश्नांना एका विशिष्ट पट्टीच्या आणि एका व्यंगचित्रकाराच्या बाबतीत जे उत्तर मिळाले, ते पाहण्यासारखे आहे. ही पट्टी म्हणजे ‘पीनट्स’ आणि तिचे कर्ते म्हणजे चार्ल्स शुल्झ.

शुल्झ यांचा जन्म २६ नोव्हेंबर १९२२ रोजी मिनीॲपोलिस येथे झाला आणि बालपण शेजारच्या सेंट पॉल शहरात गेले. वडील न्हावी होते. मुलगा अबोल, बुजरा आणि चित्रे काढण्यात रमणारा होता. चित्रकलेचे शिक्षण त्याने टपालाने चालणाऱ्या एका शाळेतून घेतले आणि पुढे त्याच शाळेत विद्यार्थ्यांची चित्रे तपासण्याची नोकरी केली. सन १९४३ मध्ये सैन्यभरतीचा हुकूम आला त्याच सुमारास आई कर्करोगाने वारली. या दोन घटनांची सावली त्यांच्या चित्रांवर कायम राहिली असे त्यांचे चरित्रकार मानतात. युद्धाहून परतल्यावर सेंट पॉलच्या एका वर्तमानपत्रात त्यांनी ‘लिल फोक्स’ या नावाने लहान मुलांची हास्यचित्रे काढली, आणि २ ऑक्टोबर १९५० पासून ‘युनायटेड फीचर सिंडिकेट’मार्फत त्यांची दैनिक पट्टी सात वर्तमानपत्रांत सुरू झाली. ‘पीनट्स’, म्हणजे शेंगदाणे आणि लक्षणेने क्षुल्लक गोष्टी, हे नाव संस्थेने ठेवले. शुल्झ यांना ते अखेरपर्यंत आवडले नाही.

पट्टीत मोठी माणसे कधी दिसत नाहीत. चार्ली ब्राउन हा गोल डोक्याचा, सदैव हरणारा मुलगा, त्याचा स्वप्नाळू कुत्रा स्नूपी, इतरांना पाच सेंटांत मानसोपचार देणारी तोंडाळ लूसी, पांघरुणाचा तुकडा उराशी धरून तत्त्वज्ञान सांगणारा तिचा भाऊ लायनस आणि खेळण्यातल्या पियानोवर बेथोव्हेन वाजविणारा श्रोडर ही तिच्यातील मुख्य पात्रे. मुले म्हणजे निरागस आनंदाचे गाठोडे ही समजूत शुल्झ यांनी पहिल्याच पट्टीत मोडून काढली. तिच्यात एक मुलगा, हसतमुखाने जवळून जाणाऱ्या चार्ली ब्राउनचे आधी कौतुक करतो आणि तो पुढे गेल्यावर आपल्याला तो मुळीच आवडत नाही असे सांगून टाकतो. पुढे ही पट्टी ७५ देशांत आणि २,६०० वर्तमानपत्रांत पोहोचली. शुल्झ यांनी पन्नास वर्षांत एकूण १७,८९७ पट्ट्या काढल्या, आणि त्यांपैकी एकीतही कोणा साहाय्यकाचा हात लागू दिला नाही. कल्पना, रेखाटन, शाई, अक्षरे, सारे काही एकहाती. आपल्यानंतर ही पट्टी दुसऱ्या कोणी पुढे चालवू नये असे त्यांनी ठरविले होते आणि ते पाळलेही गेले. संग्रहालयात मूळ चित्रांना जो अर्थ प्राप्त होतो, तो या निर्णयामुळे. ज्या पट्टीचा एकच हात आहे, तिच्याबाबतच त्या हाताचा शोध घेण्यात अर्थ असतो.

शुल्झ १९५८ पासून कॅलिफोर्निया राज्यात राहावयास आले होते. तेथील सान्ता रोझा या गावी त्यांनी १९६९ मध्ये बर्फावर घसरण्याच्या खेळाचे एक क्रीडागृह बांधले, जवळच त्यांची चित्रशाळा होती आणि सकाळची न्याहारी ते त्या क्रीडागृहाच्या उपाहारगृहात घेत. त्यांच्या चित्रांची लहानमोठी प्रदर्शने त्यांच्या हयातीतच भरू लागली होती. ओकलंड येथील संग्रहालयाने १९८५ मध्ये त्यांच्या रेखाटनकलेचे प्रदर्शन भरविले, आणि १९९० मध्ये पॅरिस येथे, लूव्हरच्या इमारतीतील सजावटी कलांच्या संग्रहालयात, स्नूपीला स्थान मिळाले. तरीही स्वतःच्या नावाचे कायमचे संग्रहालय असावे ही कल्पना शुल्झ यांना प्रथम फारशी रुचली नाही. आपण रोजचे काम रोज करणारे माणूस आहोत, संग्रहालये इतरांसाठी असतात, अशी त्यांची वृत्ती होती. त्यांच्या पत्नी जीन आणि काही स्नेही यांनी १९९०नंतर हा विचार पुढे रेटला. शुल्झ १२ फेब्रुवारी २००० च्या रात्री वारले. त्यांची अखेरची रविवारची पट्टी दुसऱ्या दिवशी सकाळी प्रसिद्ध झाली. संग्रहालय १७ ऑगस्ट २००२ रोजी उघडले.

इमारतीत शिरताच समोर येते ती जपानी कलावंत योशितेरू ओतानी यांनी रचलेली एक भव्य भिंत. लांबून पाहता चेंडूला लाथ मारण्यास धावणारा चार्ली ब्राउन आणि तो चेंडू धरून बसलेली लूसी दिसते. (ती तो आयत्या वेळी काढून घेणार हे चार्ली ब्राउनखेरीज सर्वांना ठाऊक आहे.) जवळ गेल्यावर कळते की हे चित्र ३,५८८ फरश्यांचे आहे आणि प्रत्येक फरशीवर एकेक संपूर्ण पट्टी छापलेली आहे. पट्टी वाचावी तर चित्र दिसत नाही, चित्र पाहावे तर पट्टी वाचता येत नाही. पॅरिसच्या प्रदर्शनातील पेच येथे जणू खेळ म्हणून मांडला आहे. पाहुण्यांची सर्वाधिक गर्दी या भिंतीपाशी असते हे खरे, परंतु संग्रहालयाचे मर्म तिच्यात नाही.

ते वरच्या मजल्यावरील आणखी एका भिंतीत अधिक आहे. शुल्झ १९५१ मध्ये काही काळ कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे राहत होते. तेथील घरात आपल्या लहान मुलीच्या खोलीतील भिंतीवर त्यांनी चित्रे रंगविली होती. त्यांत मेणबत्तीवरून उडी मारणारा चार्ली ब्राउन आहे आणि चार पायांवर चालणारा, अजून कुत्र्यासारखाच कुत्रा असलेला स्नूपीही आहे. घर विकले गेले, भिंतीला रंगाचे हात बसले. पुढे त्या घरात राहणाऱ्या एका कुटुंबाने ते थर चिकाटीने खरवडून काढून चित्रे उघडी केली आणि संग्रहालय होणार असे कळल्यावर ती अख्खी भिंत देणगी म्हणून दिली. सन २००१ मध्ये ती कापून सान्ता रोझा येथे आणण्यात आली. पट्टी सुरू होऊन वर्षही लोटले नसतानाची ही चित्रे आहेत. कीर्तीची चाहूलही नसलेला एक तरुण बाप केवळ मुलीसाठी काय काढत होता ते तेथे दिसते.

मूळ पट्ट्या पाहताना पाहुण्यांना पहिला धक्का आकाराचा बसतो. चार चौकटींच्या काळातील दैनिक पट्टीचा मूळ कागद दोन फुटांहून लांब आहे. छापील पट्टी त्या मानाने बोटाएवढी! या चार सारख्या चौकटींमागेही व्यापारी कारण होते. संपादकाला जागा वाचविता यावी, पट्टी आडवी, उभी किंवा दोनावर दोन अशी चौकोनी लावता यावी, म्हणून सिंडिकेटने ती तशी विकली होती. हे बंधन शुल्झ यांनी १९८८ मध्ये झुगारले, तोवर अडतीस वर्षे ते त्याच चार खणांत राहिले होते. तथापि मूळ कागदावर त्या खणांत केवढी मोकळी जागा होती हे छापील पट्टीवरून कळत नाही. रेषा कमीत कमी, पार्श्वभूमी बहुधा कोरी, गवताच्या दोन काड्या आणि एक विटांची भिंत. पेन्सिलीची पूर्वरेखाही जुजबीच असे. चेहरा कसा उमटावा हे त्यांना शाई कागदाला लागतानाच ठरवायला आवडे.

ते टाकाने लिहीत. एस्टरब्रुक कंपनीचे ९१४ क्रमांकाचे ‘रेडिओ’ निब हे त्यांचे साधन. ती कंपनी बंद होणार असे कळले तेव्हा त्यांनी त्या निबांचा उरलेला सगळा साठा विकत घेऊन ठेवला, आणि तो त्यांना जन्मभर पुरला. अशा निबाची रेषा दाबानुसार जाड-बारीक होते. पावसाच्या तिरप्या सरी, चार्ली ब्राउनच्या सदऱ्यावरची नागमोडी पट्टी, लायनसच्या विरळ केसांचे फटकारे यांत ती कोठे टेकली, कोठे उचलली गेली, हे मूळ कागदावर स्पष्ट वाचता येते. जेथे चूक झाली तेथे पांढरा रंग लावून केलेली दुरुस्तीही दिसते. छापण्यासाठी प्रकाशचित्र घेताना हे सारे पुसले जाई.

सन १९८१ मध्ये शुल्झ यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्यांच्या हाताला कंप सुटला आणि तो पुढे वाढत गेला. सन १९९० च्या सुमारास वाचकांना इतकेच जाणवत होते की रेषा पूर्वीसारखी सरळ राहिली नाही. छापताना चित्र लहान होत असल्यामुळे कंपही लहान होई. मूळ चित्रापुढे उभे राहिल्यावर मात्र जमिनीची साधी आडवी रेषा ओढण्यास काय पडले असेल ते कळते. ती थरथरत जाते, मधेच थांबते, पुन्हा पुढे सरकते. याच थरथरीचा उपयोग त्यांनी स्नूपीच्या केसाळ अंगासाठी, बर्फासाठी, म्हाताऱ्या झाडांसाठी करून घेतला असे रसिक म्हणतात, आणि काही चित्रांपुरते ते खरे आहे. परंतु त्यात कंपाला फार लवकर सौंदर्य बहाल करण्याचा धोका आहे. अक्षरे पाहावीत. संवादांची अक्षरेही ते स्वतःच काढीत, आणि त्यांत कंपाचा कोणताही उपयोग नव्हता. ती केवळ कष्टाने काढलेली आहेत. पन्नास वर्षांत त्यांनी एकदाच, १९९७ मध्ये पंचाहत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, पाच आठवड्यांची रजा घेतली होती. या माणसाला साहाय्यक मिळत नव्हता असे नाही. त्याने तो घेतला नाही, इतकेच.

एका काचेखाली चुरगळून पुन्हा सपाट केलेले पिवळे कागद दिसतात. शुल्झ कल्पना सुचेपर्यंत कागदावर रेघोट्या ओढीत आणि नापसंत कागद टोपलीत टाकीत. त्यांच्या कार्यालयातील चिटणीस बाई संध्याकाळी ते टोपलीतून काढून, इस्त्री करून ठेवीत. टाकून दिलेल्याच वस्तूंना जपण्याचे हे काम त्या संग्रहालयाची कल्पनाही निघण्यापूर्वी करीत होत्या.

आता प्रदर्शने वारंवार बदलावी का लागतात ते पाहू. कागदाला आणि शाईला प्रकाश मानवत नाही. पट्टीवर चिकटविलेले छापील ठिपक्यांचे पडदे, दुरुस्तीचा डिंक आणि वर्तमानपत्राचा लाकडाच्या लगद्यापासून केलेला कागद, ही सारीच सामग्री पिवळी पडणारी. म्हणून अशी चित्रे सामान्यतः सुमारे ५० लक्स इतक्याच मंद प्रकाशात आणि काही महिन्यांपुरतीच मांडली जातात. नंतर त्यांना अंधारात दीर्घ विश्रांती द्यावी लागते. या सक्तीतून विषयवार प्रदर्शनांची प्रथा पडली. कधी भावंडे, कधी अंतराळ, कधी एकटी लूसी. यांतील काही विषय ओढूनताणून आणलेले असतात आणि चित्रे निमित्तापुरती राहतात. मात्र जेव्हा चित्रासोबत त्यामागची कागदपत्रे मांडली जातात, तेव्हा अशा प्रदर्शनाला इतिहासाचे वजन येते. फ्रँकलिन या पात्राचे प्रकरण हे याचे उत्तम उदाहरण होय.

मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या ४ एप्रिल १९६८ रोजी झाली. त्यानंतर अकराव्या दिवशी लॉस एंजेलिस येथील एका गोऱ्या शिक्षिकेने शुल्झ यांना पत्र लिहून सुचविले की, कोट्यवधी लोक वाचतात त्या या पट्टीत एखादे कृष्णवर्णीय मूल सहज वावरताना दिसले तर वातावरण बदलण्यास थोडा हातभार लागेल. शुल्झ यांचे उत्तर प्रांजळ होते. आपल्यालाही हे करावेसे वाटते, परंतु कृष्णवर्णीय वाचकांना त्यात वरून केलेल्या उपकाराचा वास येईल अशी भीती वाटते, असे त्यांनी कळविले. शिक्षिकेने त्यांचे पत्र आपल्या कृष्णवर्णीय परिचितांना दाखवून त्यांची मते मागविली आणि ती शुल्झ यांच्याकडे पाठविली. हे मूल थोर किंवा आदर्श असण्याची गरज नाही, ते इतरांसारखे साधे असावे आणि नुसते तेथे असावे, असा त्या पत्रांतील आग्रहाचा आशय होता. ३१ जुलै १९६८ च्या पट्टीत समुद्रकिनाऱ्यावर चार्ली ब्राउनचा हरवलेला चेंडू घेऊन एक मुलगा येतो. तोच फ्रँकलिन. त्याच्या रंगाबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. दोघे मिळून वाळूचा किल्ला बांधू लागतात.

पुढे फ्रँकलिन गोऱ्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसलेला दिसू लागला, तेव्हा दक्षिणेकडील एका संपादकाने हरकत घेतली. त्या भागात शाळांच्या एकत्रीकरणावरून तेव्हा रण माजले होते. शुल्झ यांनी त्या पत्राला उत्तरच दिले नाही, आणि सिंडिकेटच्या प्रमुखांनी शंका काढली तेव्हा, आहे तसे छापावे, नाहीतर आपण काम सोडतो, असे सांगितले. फ्रँकलिनला पुढे फारसे व्यक्तित्व लाभले नाही ही टीका रास्त आहे. इतर मुलांना जसे दोष आणि विक्षिप्तपणा मिळाले तसे त्याला मिळाले नाहीत. शुल्झ यांची मूळची धास्ती कदाचित त्यालाही कारण असेल. पण ही पत्रे आणि ते तीन दिवसांचे समुद्रकिनाऱ्यावरचे प्रसंग शेजारी शेजारी ठेवले म्हणजे, वाचणाऱ्याला दहा सेकंद लागणाऱ्या चित्रामागे साडेतीन महिन्यांचा पत्रव्यवहार, संकोच आणि निश्चय होता, हे दिसते.

परदेशांतील प्रदर्शनांपैकी दोन उल्लेखनीय आहेत. लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये ऑक्टोबर २०१८ ते मार्च २०१९ या काळात भरलेल्या प्रदर्शनात मूळ पट्ट्यांच्या जोडीला आजच्या कलावंतांनी स्नूपी आणि मंडळींवरून स्फूर्ती घेऊन केलेल्या कृती ठेवल्या होत्या. अशी जोड हल्ली सर्वत्र दिली जाते. प्रेक्षकांची संख्या तिने वाढते, पण शुल्झ यांच्या पाच रेषांच्या शेजारी टिकाव धरणे फार थोड्या कृतींना साधते. जपानमधील गोष्ट निराळी. तेथे सान्ता रोझाच्या संग्रहालयाची अधिकृत शाखा आहे. ती २०१६ ते २०१८ पर्यंत तोक्योच्या रोप्पोंगी भागात होती आणि डिसेंबर २०१९ पासून शहराबाहेर माचिदा येथे चालू आहे. मूळ चित्रे समुद्रापलीकडून पाळीपाळीने तेथे येतात. चित्रांतील फुगे इंग्रजीत असतात आणि जपानी वाचक शेजारचे भाषांतर वाचतात. हे भाषांतर प्रसिद्ध कवी शुन्तारो तानिकावा यांचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवर्तलेल्या या कवीने अनेक दशके खपून संपूर्ण ‘पीनट्स’ जपानीत आणली. चार शब्दांच्या फुग्यात मावेल असे वाक्य शोधणे हे कवीचेच काम, हे ज्याने कधी भाषांतर केले आहे त्याला पटवून द्यावे लागणार नाही.

सन २०१७ च्या ऑक्टोबर महिन्यात सान्ता रोझा परिसरात वणवा पसरला आणि त्यात गावाचा मोठा भाग भस्मसात झाला. शुल्झ यांचे राहते घर त्यात जळाले. त्यांच्या पत्नी रात्रीच बाहेर पडल्या म्हणून वाचल्या. घरातील सामान, स्मृतिचिन्हे, काही चित्रे गेली. संग्रहालय आणि चित्रशाळा यांना आगीची झळ लागली नाही, आणि मूळ पट्ट्यांचा साठा संग्रहालयाच्या तिजोरीतच असल्याने तो सुखरूप राहिला.

या साठ्यात सगळ्या पट्ट्या मात्र नाहीत. जगातील सर्वांत मोठा असूनही त्यात १७,८९७ पैकी निम्म्यांहून कमी मूळ चित्रे आहेत. प्रारंभीच्या वर्षांत शुल्झ ती मित्रांना, संस्थांना, कधी नुसते पत्र पाठविणाऱ्या वाचकालाही देऊन टाकीत. आता त्यांतील एखादे लिलावात येते तेव्हा हजारो डॉलर मागते. काही चित्रे कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत आहेत, आणि पुष्कळ उरलीच नसावीत. सन २००४ ते २०१६ या काळात संपूर्ण ‘पीनट्स’ २६ खंडांत पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली, त्या वेळी सगळ्याच पट्ट्यांच्या स्वच्छ प्रती हाती आल्या नाहीत. त्यांतील काही, कोणीतरी कापून ठेवलेल्या जुन्या वर्तमानपत्रांच्या पानांवरून घ्याव्या लागल्या.